दसऱ्याची फियाट

१७ ऑगस्ट, रविवार

लॅबमधली नोकरी सोडल्याचं आज घरी सांगितलं.

बाबा ओट्यावर फाटलेलं जाळं सांधत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. आईने विचारलं, मग आता काय करणार. मी म्हटलं, पालघरला दर्पणदादांकडे गाड्या बनवणार. तिला वाटलं गॅरेज. मग मी हातानेच दाखवलं, एवढी, वीतभर. बाबा तेव्हा बोलले.

"त्यात बसनार कोन?"

दोघं हसले. मग आई हसायची थांबली आणि पुढ्यातली सुकट निवडायला लागली. मला तिचं हसण्यापेक्षा ते थांबणं जास्त लागलं.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. तारापूरच्या एमआयडीसीत केमिस्ट म्हणून लागले तेव्हाचा पांढऱ्या कोटातला फोटो आईने देवाशेजारी लावलाय. बोईसरच्या बाजारात मासळी विकताना कुणी न विचारताच ती गिऱ्हाइकांना सांगते, माझी मुलगी लॅबात हाय. आता तिने काय सांगायचं, हे मला तिला अजून सांगता आलेलं नाही.

का सोडली ते इथे तरी नीट लिहून ठेवते. लॅबमध्ये मी बाटल्यांतून आलेले नमुने तपासायचे आणि आकडा कळवायचे. आकडा बरा आला तर कुणाला त्याचं काही नसायचं. वाईट आला तर म्हणायचे, पुन्हा तपास. बरा येईपर्यंत. कॉलेजात असताना मी ठरवलं होतं की जे काम करेन ते खरं असेल. दर्पणदादांच्या खोलीत एखादा इवलासा दरवाजा फ्रेममधून कापायचा, घासायचा, लावून बघायचा, पुन्हा घासायचा. शेवटी तो बसतो किंवा बसत नाही. कुणाच्या सांगण्यावरून बसत नाही.

१२ ऑक्टोबरला पालघरमध्ये मॉडेलवाल्यांचं प्रदर्शन आहे. मुंबई, पुणे, सुरतेहून संग्राहक येणार. दादांचं म्हणणं, आपली गाडी तिथे गाजली तर पालघरातच वर्कशॉप काढायचं, संग्राहकांच्या गाड्या बनवून द्यायच्या, शाळेतल्या मुलांना शिकवायचं. "आणि तिथलं सगळं तुझ्या हातात," असं ते म्हणाले. व्हॉइस मेसेज होता, म्हणून मला तो पुन्हा पुन्हा ऐकता आला.

१९ ऑगस्ट, मंगळवार

दोन वर्षं दर रविवारी जातेय, पण रोजचं काम म्हणून आजचा पहिला दिवस. 

दादांची खोली वरच्या मजल्यावर आहे. दोन भिंतींना काचेची कपाटं, आत ओळीने गाड्या. त्यांनी शाळेत असल्यापासून बनवलेल्या. आमच्या कॉलेजात एकदा त्या मांडल्या होत्या. तेव्हा मी एका लाल बसपाशी इतका वेळ उभी राहिले की त्यांनी मला एक मोडकं किट देऊन टाकलं, बघ म्हणाले जमतंय का. तिथून सुरुवात. 

त्यांनी स्वतः बनवलेली शेवटची गाडी तीन वर्षांपूर्वीची आहे. मी विचारलं, नंतर का नाही बनवली? म्हणाले, आता बनवण्यापेक्षा बघण्यात जास्त आनंद वाटतो. मला हे फार मोठं वाटलं. इतकी कला अंगात असून बाजूला होता येणं. मी काम करते तेव्हा ते हात मांडीखाली घेऊन समोर बसतात आणि फक्त बोलतात. कुठे किती घासायचं, कुठे थांबायचं. चिमट्याला बोटसुद्धा लावत नाहीत. एवढा विश्वास माझ्यावर आजवर कुणी टाकला नव्हता.

सुलूमावशी, त्यांच्या आई, चहा घेऊन येतात. मला कपात, दादांना मोठ्या स्टीलच्या पेल्यात, तोही अर्धाच. ते बोलण्यात एवढे बुडालेले असतात की पेला तसाच निवतो. मी खाली हात धुवायला गेले की मग कधीतरी पितात.

२४ ऑगस्ट, रविवार

बनवायची आहे ती पांढरी फियाट. दादांच्या वडिलांची, बन्सीभाऊंची. ते गेले आणि गाडी विकली गेली, त्यालाही बरीच वर्षं झाली. किट परदेशातलं, रेझिनचं, त्यामुळे स्टिअरिंग डावीकडे. ते उजवीकडे न्यायचं, आरसे बदलायचे, मागच्या सीटवर विणलेलं कव्हर घालायचं. आधाराला एकच जुना फोटो.

तो फोटो मोबाइलवर आईला दाखवला. तिने लगेच ओळखला. 

"ही बन्सीभाऊंची गाडी. आपल्या चिंचणीला त्यांची चिकूची वाडी व्हती. जाता जाता थांबायचे नि माझ्याकडचे बोंबील घ्यायचे. डिकीत कागद पसरायचे, वास लागू नये म्हनून. वास लागायचाच."

मग म्हणाली, एकदा पावसात त्यांनी तिला टोपलीसकट बोईसरपर्यंत सोडलं होतं. मी पोटात होते तेव्हा. म्हणजे या गाडीत मी बसलेय. हे दादांना सांगितलं. त्यांनी व्हॉइस मेसेजवर नुसतं "अरे वा" म्हटलं. ते कधी टाइप करत नाहीत, म्हणतात कंटाळा येतो.

१ सप्टेंबर, सोमवार

आज मन थाऱ्यावर नाही. पुढची काच बसवताना गोंदाची वाफ काचेवर धरली आणि ती दुधाळ झाली. मी केमिस्ट, हे मला आधी कळायला हवं होतं. दुसरी काच नाही, प्लास्टिकच्या खोक्यातून कापून करावी लागेल.

त्यात हेमालीचा फोन. ती अजून लॅबमध्येच आहे. "काय मॅडम, बाहुलीच्या गाड्यांना पेट्रोल किती लागतं?" मग हळूच म्हणाली की माझ्या जागेवर एक मुलगा घेतला आणि त्याला लगेच कायम केलं. मी दीड वर्ष ज्याची वाट बघत होते ते. मी म्हटलं, छान झालं. 

आईला हे सांगितलेलं नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

बॉनेट उघडलं! किटमध्ये ते सलग होतं. दादांची इच्छा की ते उघडावं आणि आत इंजिन दिसावं, कारण बन्सीभाऊ दर रविवारी बॉनेट उघडून उभे राहायचे, काही बिघडलेलं नसतानाही. जुन्या चार्जरमधली तांब्याची तार काढून मी बिजागरी केली. केसापेक्षा थोडीच जाड. नखाने अलगद उचललं की वर येतं आणि तसंच उभं राहतं. जोर लावला तर मोडेल, हे खरं, पण मला त्याचा अंदाज आलाय.

दादांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मला म्हणाले, मॉडेलवाल्यांच्या ग्रुपवर टाकायला एक फोटो काढ. ते गाडीपाशी बसले, चिमटा आणि ब्रश मी त्यांच्या सांगण्यावरून बाजूला नीट ठेवले. हात त्यांनी टेबलाखाली घेतले होते, मी म्हटलं हात वर घ्या, छान दिसेल. म्हणाले, नको, असाच काढ. 

ग्रुपवर सगळ्यांनी त्यांचं अभिनंदन केलं. "दर्पणभाई, काय हात आहे!" असं एकाने लिहिलं.

मी यावर थोडा विचार केला आणि आता माझं मत पक्कं झालंय. नाव ही गोष्ट माणसाला कामापासून दूर नेते. बाबा ज्या होडीवर जातात ती कुणी बांधली हे तिच्यावर लिहिलेलं नाही, मालकाचं आणि त्याच्या मुलीचं नाव लिहिलंय. होडी तरी तरतेच. दादांनी मला शिकवलं, गाडी त्यांच्या वडिलांची, किट त्यांचं. ग्रुपमधले लोक त्यांना ओळखतात, मला ओळखत नाहीत. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. 

वाईट वाटलं नसतं तर एवढं लिहिलं असतं का, हा प्रश्न आत्ता मनात आला. तो तसाच सोडते.

१४ सप्टेंबर, रविवार

आज दादा एका लग्नाला निघाले होते. मी जिना चढत होते तेव्हा सुलूमावशी त्यांच्या शर्टाची बटणं लावून देत होत्या. चाळिशीला आलेला मुलगा आणि आई अजून त्याची बटणं लावते. मला बघून दादा ओशाळले. मावशी म्हणाल्या, "लाड दुसरं काय." माझ्या आईचा हात माझ्या अंगाला शेवटचा कधी लागला ते मला आठवेना. 

ते लग्नालाही रिक्षाने गेले. गाड्यांचं एवढं वेड आणि स्वतः गाडी चालवत नाहीत. विचारलं तर म्हणतात, त्या मनोर रस्त्यावरच्या ट्रकांमध्ये कोण शिरणार.

२३ सप्टेंबर, मंगळवार

पांढरा रंग सगळ्यांत छळतो. धुळीचा एक कण बसला तरी दिसतो. तीन हात मारले, मधे घासले, पुन्हा मारले. आज संध्याकाळी उन्हाच्या तिरिपेत धरून पाहिलं, कुठेही डाग नाही. दादा म्हणाले, "बाबांनी नवी आणली तेव्हा अशीच होती." मग ते खिडकीशी जाऊन उभे राहिले.

मला या क्षणी नोकरीचं अजिबात दुःख नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार

दादांकडे दसऱ्याची साफसफाई चालू आहे, जळमटं काढताहेत. ती धूळ नको म्हणून फियाट खोक्यात घालून घरी आणली. एसटीत खोकं मांडीवर. शेजारच्या बाईने विचारलं, केक हाय का? मी हो म्हटलं.

घरी आई-बाबांनी ती पहिल्यांदा पाहिली. बाबांनी वाकून काचेतून आत बघितलं आणि म्हणाले, "शीट पन विनलीय." आईने हात पदराला पुसले, पण गाडीला लावले नाहीत. नुसतं बघत राहिली.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

रागातच लिहितेय, अक्षर वाईट येईल.

सकाळी मी झेंडूची फुलं आणायला गेले होते. परत आले तर आईची पूजा उरकली होती. मासळी कापायची मोरली, तराजू, बाबांची जाळी, सगळ्याला हळदकुंकू. आणि फळीवर फियाट. बॉनेटच्या अगदी पुढे, मधोमध, ओल्या कुंकवाचा टिळा आणि त्यावर दाबून बसवलेले तांदूळ. होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेला लावतात तसा. केव्हाचा लावलेला, सुकत आलेला. 

मी किंचाळले. असं काय काय बोलले. विचारल्याशिवाय हात लावायचं काही कारण होतं का, तुला काही कळतं का, ही खेळणी वाटली का तुला. आजवर तिच्याशी एवढं मोठ्याने बोलले नव्हते. 

ती म्हणाली, "आपल्या घरात पयली गाडी आली. दसऱ्याला गाडीला कुंकू लावायचं तर विचारायचं कुनाला?"

बाबा म्हणाले, "मोरलीला लावलं, जाळ्याला लावलं, मग गाडीनं काय घोडं मारलं?" ते वातावरण हलकं करायला बोलत होते. मी खोकं घेऊन आत गेले आणि दार लावलं. 

कुंकू पुसलं तर रंगावर लाल डाग. तांदळाच्या एका दाण्याची खूणसुद्धा उमटलीय.

जेवले नाही. आईही जेवली नाही, असं बाबा सांगून गेले.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

बारीक पॉलिशपेपरने घासून वर पांढरा मारला. तासाभरात गुलाबी. पुन्हा घासलं, प्रायमर, पांढरा. पुन्हा गुलाबी. बाजारातल्या कुंकवात रंगद्रव्य असतं, ते माझ्या पेंटच्या थिनरमध्ये विरघळतं आणि प्रत्येक नव्या थरातून वर येतं. याचा अर्थ मी जेवढं झाकेन तेवढं ते वर येणार. हे मी परीक्षेत नीट लिहिलं असतं आणि गुणही मिळाले असते. 

सगळं बॉनेट सोलून काढायचं तर बिजागरी जाणार. वेळ नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

दादांना दाखवलं. ते खुर्चीतून उठलेच. "तू घरी नेलीसच का?" एवढंच म्हणाले, पण आवाज फाटला होता. आत निघून गेले. आतून मावशींचा दबका आवाज येत होता. मी पायऱ्यांवर बसून राहिले. वाटलं, लॅब गेली, आता हेही गेलं.

मग ते बाहेर आले आणि पूर्ण बदललेले होते. म्हणाले, राहू दे कुंकू. उलट नीट लाव. झेंडूची माळ कर, आंब्याची पानं कर, काचेवर स्वस्तिक काढ. दसऱ्याच्या दिवशीची फियाट. "असं मॉडेल कुणी आणणार नाही. सगळे चकचकीत गाड्या आणतील, आपली गाडी पूजेतून उठून आलेली."

माझ्या आईच्या चुकीला त्यांनी एका क्षणात सुंदर करून टाकलं. असा माणूस मला शिक्षक म्हणून लाभला याचं आज खरंच भरून आलं. घरी येऊन आईला सांगितलं की तुझं कुंकू ठेवणार आहोत. ती म्हणाली, "मंग वरडलीस कशाला?"

९ ऑक्टोबर, गुरुवार

त्या डागावर आईकडूनच पुन्हा कुंकू लावून घेतलं. माळ झाली. स्पंज हळदीत आणि केशरी रंगात बुडवून किसला, एकेक कण दोऱ्यावर. मान आखडलीय. 

प्रदर्शनाला यायचं का, आईने विचारलं. रविवार तिच्या बाजाराचा मोठा दिवस, तरी विचारलं. मी म्हटलं, उभं राहून कंटाळशील, तिथे सगळे तेच तेच बोलत असतात. ती म्हणाली बरं. 

खरं तर ती आली असती तर काय बिघडलं असतं? तिला जागा लागली नसती. ते लोक इंग्रजी बोलतात, तिला अवघडल्यासारखं झालं असतं. तिला की मला, हे सोडून देते.

१२ ऑक्टोबर, रविवार

सगळं जसं झालं तसं लिहिते.

हॉलमध्ये पांढऱ्या चादरी घातलेली टेबलं. आमच्या गाडीपुढे छापील कार्ड होतं, 'दसऱ्याची फियाट', खाली दादांचं पूर्ण नाव. बाकी काही नाही. मी मनाशी म्हटलं, कार्ड लहान असतं. दादांनी नवा कुर्ता घातला होता, दोन्ही हात खिशात. सुलूमावशी पर्स छातीशी धरून मागे उभ्या. गर्दी खरंच आमच्याच टेबलाशी होती. 

परीक्षक पुण्याचे, म्हातारे, हातात भिंग. ते फियाटवर वाकले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. मग म्हणाले, "कुंकू इतकं खरं कसं वाटतंय? कुठला रंग वापरलात?"

दादा म्हणाले, "रंग नाही, कुंकूच आहे. परवा दसऱ्याला माझ्या आईने लावलं. मग पुसायला माझं मन झालं नाही."

आजूबाजूचे लोक वितळल्यासारखे झाले. एकीने हात गालाला लावला. मी मावशींकडे बघितलं. त्या जमिनीकडे बघत होत्या.

मला राग आला असं म्हणता येणार नाही. कानात हवा भरल्यासारखं झालं. दसऱ्याच्या सकाळी मी तिच्यावर ओरडले ते सगळं एकदम ऐकू आलं. ज्या ठिपक्यासाठी मी तिला जेवू दिलं नाही, तो इथे सगळ्यांना आवडला होता आणि तो दुसऱ्याच कुणाच्या आईचा होता.

परीक्षकांनी विचारलं, "बॉनेट उघडतं का?" 

दादा म्हणाले, "हो, उघडतं ना." आणि थांबले. सगळे वाट बघत होते. मग त्यांनी उजवा हात खिशातून काढला. 

दोन वर्षांत मी त्यांचा हात असा समोर कधी पाहिलाच नव्हता. इंजिन चालू असताना होडीच्या फळीवर ठेवलेला पेला हलतो तसा तो हलत होता. अर्धा चहा. बटणं. रिक्षा. व्हॉइस मेसेज. माझ्या समोर सगळं होतं आणि मी त्याला विश्वास म्हणत होते. 

तो हात बॉनेटपाशी पोचायच्या आत मी पुढे झाले. म्हटलं, "थांबा दादा, बिजागरी नाजूक आहे, मी उघडते." त्यांच्या हातावरून माझी ओढणी गेली, कुणाला काही दिसलं नसावं. मी नखाने बॉनेट उचललं. ते वर आलं आणि उभं राहिलं. परीक्षक वाकले. माझा चेहरा त्यांच्या अगदी जवळ होता.

"हे कुंकू माझ्या आईने लावलंय," मी म्हटलं. "जमना तिचं नाव. चिंचणीला असते."

कुणीतरी हसलं, गंमत समजून. मग सुलूमावशी मागून म्हणाल्या, "खरं हाय. मी नाय लावलं."

दादांचा हात परत खिशात होता. परीक्षकांनी भिंग खाली घेतलं, माझ्याकडे बघितलं, माझ्या बोटांकडे बघितलं, नखांत अजून पांढरा रंग होता. "मग ही गाडी…" असं म्हणून ते थांबले. माझ्यासाठीच थांबले होते. 

मी बॉनेट हळूच लावलं आणि माळ सारखी केली. 

ते पुढच्या टेबलाकडे गेले. आम्हाला बक्षीस नाही. येताना मी एकटीच आले.

१३ ऑक्टोबर, सोमवार

सुलूमावशींचा फोन. म्हणाल्या, हात हलायला लागून तीन वर्षं झाली. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलंय की वाढत जाईल, गोळ्यांनी थोडं थांबतं. "मी म्हनायची, पोरीला सांग. तो म्हनायचा, कळलं तर ती कीव करून काम करेल, मला तसं नको." मग म्हणाल्या, "ह्यांच्या फियाटला दर दसऱ्याला मीच कुंकू लावायचे गो. त्याला तेच आठवलं आसंल." 

असेलही. आठवण आली म्हणून बोलले असतील. पण मी तिथे उभी होते. 

हातांबद्दल मी कुणाला सांगितलं नाही, सांगणारही नाही. इथेही लिहायचं नव्हतं, पण न लिहिता कालचं काही समजलंच नसतं. माझ्या जागी कुणी शहाणी मुलगी असती तर तिला पहिल्या आठवड्यातच कळलं असतं. तिने काय केलं असतं ते मला माहीत नाही.

वर्कशॉपबद्दल मावशी काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. हेमाली म्हणते, दुसऱ्या एका कंपनीत कंत्राटावर माणसं घेताहेत. 

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आई दुपारी बाजारातून आली. टोपली उतरवली, पाय धुतले आणि माझ्याजवळ येऊन बसली. प्रदर्शनाचं मी तिला एवढंच सांगितलं होतं की नंबर आला नाही. 

तिने विचारलं, "माझं कुंकू लोकांना दिसलं?"

"दिसलं."

"कुनी लावलं, विचारलं?"

"विचारलं. मी तुझं नाव सांगितलं. जमना म्हटलं."

तिला आवडलं, तिने ते लपवलं नाही. पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, "नि गाडी कुनी बनवली, ते सांगितलंस?"

मी तिची टोपली उचलून कोपऱ्यात ठेवली.

"नाय सांगितलंस," ती म्हणाली. "मंग माझं एकटीचं नाव घेऊन मी काय करू? मी नुसतं बोट लावलं."

नाव माणसाला कामापासून दूर नेतं, असं मी सप्टेंबरात लिहिलंय. आत्ता मागे जाऊन वाचलं. वाचायला चांगलं आहे. पण मी तिथे गप्प बसले ती त्यामुळे नाही. त्यांची दया आली म्हणूनही पूर्णपणे नाही. 'मी बनवली' हे शब्द तोंडातून काढायची मला सवयच नव्हती. आईचं नाव निघालं, कारण ते माझं नव्हतं.

ग्रुपवर त्या दिवशीचे फोटो अजून येताहेत. आज सकाळीच कुणीतरी फियाटचा टाकलाय, खाली लिहिलंय, 'दर्पणभाईंची कमाल.' मी त्याखाली लिहायला घेतलं. तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. रागाचं वाटत होतं, नाहीतर रडकं. शेवटी फक्त जे आहे तेवढंच लिहिलं आणि आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "गाडी ज्याची त्याचं नाव पयलं घाल. भला मानूस व्हता." ते घातलं.

'ही गाडी बन्सीभाऊंची. त्यांनी तिला फार जपलं. हे मॉडेल मी, उन्नतीने, बनवलं. बनवायला दर्पणदादांनी शिकवलं. कुंकू माझ्या आईने लावलं, तिचं नाव जमना.'

पाठवलं.

लगेच दोघातिघांचे अंगठे आले. एकाने विचारलं, हे खरं का दर्पणभाई? आई उठून चुलीकडे गेली होती. मी फोन हातात धरून बसले होते, तेव्हा वर दादांचं नाव आलं, आणि त्यापुढे, टाइप करत आहेत. ते गेलं. पुन्हा आलं. पुन्हा गेलं. बाहेर बाबा कुणाशी तरी बोलत ओट्यावर येऊन बसले, त्यांनी जाळं पसरलं, तरी ते येत-जातच होतं. ते कधी टाइप करत नाहीत. 

मग एक शब्द आला.

'बरोबर.'